परदेशी नाणी जमवताय? आधी कोणतं पुस्तक घ्यायचं ते ठरवा

जुन्या बाजारात किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात चांदीचं एक मोठं, जाडजूड नाणं हमखास दिसतं. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेली भरल्या अंगाची राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि कडेच्या मजकुरात साल, १७८०. विक्रेता सांगतो, "ऑस्ट्रियाच्या राणीचं आहे, जवळपास अडीचशे वर्षं जुनं." नाणं हातात घेतलं की वजनदार लागतं, चांदीही खरी असते. घेणारा खूश होतो.

विक्रेता खोटं बोलत असतोच असं नाही. हे मारिया थेरेसा थेलर. राणी १७८० च्या नोव्हेंबरमध्ये वारली. पण तिच्या नाण्यावर अरबस्तान, येमेन आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसला होता, की ते दुसरं नाणं घ्यायलाच तयार नसत. मग टांकसाळींनी तेच चित्र आणि तेच साल ठेवून नाणी पाडणं चालू ठेवलं. व्हिएन्नाच्या टांकसाळीत ते आजही पाडलं जातं. १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर चाल करताना या नाण्याचे हक्क आणि ठसे ऑस्ट्रियाकडून मिळवले. त्यावर ब्रिटननेही लंडनमध्ये हेच नाणं पाडायला सुरुवात केली. पाठोपाठ पॅरिस आणि ब्रसेल्स आले आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, आपली मुंबईची टांकसाळही त्यात आली. म्हणजे 'अडीचशे वर्षं जुनं' म्हणून घेतलेलं नाणं प्रत्यक्षात फोर्टमध्ये, आजोबांच्या तरुणपणी पाडलेलं असू शकतं. किंवा मागच्या वर्षी व्हिएन्नात.

हे कळायला पुस्तक लागतं. पण कोणतं? जगभरच्या नाण्यांचा एक जाडा कॅटलॉग एवढंच सांगेल, की हे नाणं नंतर वारंवार पाडलं गेलं आहे. नाणं कोणत्या टांकसाळीचं हे राणीच्या पदकातल्या मोत्यांवरून, गरुडाच्या शेपटीच्या पिसांवरून आणि कडेवरच्या नक्षीवरून ओळखायचं असेल, तर फक्त या एका नाण्यावर लिहिलेला ग्रंथ लागतो. असा ग्रंथ वॉल्टर हाफनर यांनी तयार केलेला आहे. ऑस्ट्रियाचं नाणं अरबस्तानात का चालत होतं, हे समजून घ्यायचं असेल तर तिसरंच पुस्तक हवं, गोष्ट सांगणारं. क्लारा सेंपल यांचं या नाण्याच्या इतिहासावरचं पुस्तक तसं आहे. नाणं एकच, पण प्रश्न तीन आणि पुस्तकंही तीन. नवे संग्राहक बहुतेक वेळा इथेच चुकतात. आपला प्रश्न काय आहे हे न ठरवताच ते सगळ्यात जाड किंवा सगळ्यात महाग पुस्तक विकत घेतात.

तो जाडा कॅटलॉग म्हणजे नेमकं काय?

परदेशी नाण्यांच्या व्यवहारात 'केएम नंबर' हा शब्द सतत कानावर पडतो. केएम म्हणजे चेस्टर क्राउझ आणि क्लिफर्ड मिश्लर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आयोला नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या क्राउझ यांच्या प्रकाशनाने १९७२ मध्ये 'स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स' काढला. त्याआधी आर. एस. योमन यांनी १९५७ मध्ये आधुनिक नाण्यांची आणि विल्यम क्रेग यांनी १९६६ मध्ये १७५० ते १८५० या काळातल्या नाण्यांची यादी केली होती. जुन्या पाकिटांवर 'वाय' किंवा 'सी' अक्षरापुढे आकडा दिसतो, तो या दोघांच्या यादीतला.

हा नंबर जमिनीच्या गट क्रमांकासारखा असतो. गाव सांगितल्याशिवाय गट क्रमांकाला अर्थ नाही, तसा देश सांगितल्याशिवाय केएम नंबरला अर्थ नाही. प्रत्येक देशाचे आकडे वेगळे सुरू होतात. काही नंबर पुढच्या आवृत्त्यांमध्ये बदललेही आहेत.

हळूहळू ग्रंथ इतका फुगला की शतकांप्रमाणे त्याचे वेगळे खंड करावे लागले: १६०१ ते १७००, १७०१ ते १८००, १८०१ ते १९००, १९०१ ते २००० आणि २००१ पासून पुढे. विसाव्या शतकाच्या खंडाची पानं दोन हजारांवर जातात. कागद टेलिफोन डिरेक्टरीसारखा पातळ आणि छपाई बारीक.

आपल्याकडच्या नव्या संग्राहकाने यातला कोणता घ्यावा? बहुतेकांकडची परदेशी नाणी नातेवाइकांनी प्रवासातून आणलेली, आखातात नोकरीला गेलेल्या काकांनी दिलेली किंवा बाजारातून किलोवर घेतलेली असतात. ती जवळजवळ सगळी १९०० नंतरची निघतात. त्यामुळे पहिली खरेदी १९०१ ते २००० या एकाच खंडाची करावी, तीही जुन्या आवृत्तीची. पाचही खंड एकदम घेण्याचा मोह टाळलेला बरा. सतराव्या शतकाचा खंड वर्षानुवर्षं कपाटात धूळ खात पडतो, असाच अनेकांचा अनुभव असतो.

हेल्वेशिया कुठे आहे?

कॅटलॉगची सुरुवातीची पानं लोक घाईने उलटून टाकतात. खरं तर नवख्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग त्याच पानांचा होतो. नाण्यावर 'हेल्वेशिया' असेल तर तो स्वित्झर्लंड, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'मॅग्यार' म्हणजे हंगेरी. ही ओळख तिथल्या यादीत मिळते. वेगवेगळ्या लिप्यांमधल्या अंकांचा तक्ताही तिथेच असतो.

सालांचा गोंधळ तर याहून मोठा. सौदी रियालवर १३५४ दिसलं तर ते हिजरी साल, म्हणजे १९३५. थायलंडच्या नाण्यावरचं २५३० हे बुद्धाब्दातलं, म्हणजे १९८७. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं, त्यामुळे शोवा ५० म्हणजे १९७५. नेपाळच्या नाण्यावर मराठी वाचकाचं काम सोपं होतं. लिपी देवनागरीच असते, फक्त साल विक्रम संवतातलं असतं, म्हणून २०४० म्हणजे १९८३.

सगळ्यात फसवं साल इजिप्त आणि तुर्कस्तानच्या जुन्या नाण्यांवर दिसतं. सुलतान दुसरा अब्दुल हमीद हिजरी १२९३ मध्ये, म्हणजे १८७६ साली गादीवर आला. त्याच्या सगळ्या नाण्यांवर १२९३ हेच साल आहे. नाणं खरं कोणत्या वर्षीचं हे शेजारी लहान अक्षरात असलेल्या राज्यवर्षाच्या आकड्यावरून कळतं. तिथे ३३ असेल तर नाणं १९०७ च्या सुमाराचं. हे माहीत नसलं तर एकाच सालची वीस नाणी जमल्यासारखी वाटतात, प्रत्यक्षात ती वीस वेगवेगळ्या वर्षांची असतात.

आणखी एक अडचण म्हणजे देश शोधणं. १८७१ पूर्वीची जर्मनीची नाणी 'जर्मनी'खाली सापडत नाहीत, ती 'जर्मन राज्ये' या गटात सॅक्सनी, बव्हेरिया अशी वेगवेगळी असतात. गोव्याची रुपिया पोर्तुगालखाली नव्हे, तर 'इंडिया पोर्तुगीज' या नावाखाली पाहावी लागते. मराठ्यांची आणि संस्थानांची नाणीही अशीच निरनिराळ्या भागांत विखुरलेली आहेत. नवा ग्रंथ हाती आला की पहिली संध्याकाळ फक्त त्याची रचना समजून घेण्यात घालवावी.

किमतीचा रकाना किती खरा?

कॅटलॉग घेणाऱ्या दहापैकी नऊ जण सगळ्यात आधी किंमत पाहतात. पण पुस्तकातली सगळ्यात लवकर शिळी होणारी गोष्ट तीच. ती किंमत अमेरिकी बाजारातली, डॉलरमधली आणि व्यापारी गिऱ्हाइकाला विकतो त्या भावाची असते. तो स्वतः घेतो तेव्हा भाव बराच खाली असतो. आपल्याकडे त्या नाण्याला तितकी मागणी असेलच असंही नाही. अगदी साध्या नाण्यांपुढे जो किमान आकडा दिसतो, तो व्यापाऱ्याने नाणं शोधून, पाकिटात घालून देण्याच्या मजुरीसारखा समजावा.

त्यात प्रतवारीची गंमत आहे. रकान्यावर 'फाइन' असं लिहिलेलं असतं. मराठी बोलण्यात 'फाइन' म्हणजे उत्तम. नाण्यांच्या भाषेत मात्र 'फाइन' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, चित्राचा बारीक तपशील गेलेलं नाणं. त्याच्या वर 'व्हेरी फाइन', मग 'एक्स्ट्रा फाइन' आणि शेवटी न वापरलेलं 'अनसर्क्युलेटेड'. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना किंमत कधी दुप्पट होते, कधी दहापट. झिजलेलं नाणं हातात देऊन शेवटच्या रकान्यावर बोट ठेवणारे विक्रेते आहेत, आणि छापील पुस्तक समोर असल्यामुळे गिऱ्हाइकाला ते खरंही वाटतं. पुस्तक नुसतं जवळ असून भागत नाही, ते वाचताही यावं लागतं.

चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत जुनी किंमत उलट्या बाजूने फसवते. २००५ साली चांदी औंसाला सात-आठ डॉलरच्या आसपास होती. तेव्हाच्या आवृत्तीत कित्येक नाण्यांची छापील किंमत आज त्यातल्या चांदीच्या मोडीपेक्षाही कमी आहे. त्या पुस्तकावर विसंबून नाणी विकून टाकणारा माणूस सराफाला देतो त्याहून स्वस्तात चांदी देऊन बसतो. पण याच जुन्या पुस्तकात नाण्याचं वजन आणि शुद्धता दिलेली असते, आणि ती कधीच शिळी होत नाही. थेलरचं वजन २८.०७ ग्रॅम आणि शुद्धता हजारात ८३३. गुणाकार केला की शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम, म्हणजे जवळपास बरोबर दोन तोळे. आजचा भाव कुठल्याही वर्तमानपत्रात मिळतो.

वजन, व्यास, धातू, किती नाणी पाडली तो आकडा, टांकसाळीची खूण आणि चित्र, ही माहिती वीस वर्षांपूर्वीच्या प्रतीतही तितकीच उपयोगी असते. म्हणून ताज्या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय क्राउझ मालिकेची मालकी असलेली एफ अँड डब्ल्यू मीडिया ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची पुस्तकं दुसऱ्या मोठ्या प्रकाशनाकडे गेली, पण दर वर्षी नवी आवृत्ती यायची ती जुनी लय तुटली. चालू भाव पाहायचा असेल तर लिलावांत प्रत्यक्ष किती किंमत आली याच्या नोंदी बघाव्यात.

खोट्या नाण्यासमोर पुस्तक

अमेरिकेचा 'ट्रेड डॉलर' आपल्याकडच्या फुटपाथवरही मिळतो. साल असतं १७९९ किंवा असंच काही. कॅटलॉग उघडला की दोन मिनिटांत निकाल लागतो: ट्रेड डॉलर १८७३ मध्ये सुरू झाला, त्याआधी तो नव्हताच. साल बरोबर असेल तर पुढची पायरी वजनाची. खऱ्या नाण्याचं वजन २७.२२ ग्रॅम आणि चांदी नव्वद टक्के. सोनाराकडच्या छोट्या काट्यावर ठेवलं तरी बरीच नकली नाणी उघडी पडतात. बारीक वजनकाटा आणि व्यास मोजायला व्हर्निअर जवळ नसेल, तर कॅटलॉगचा निम्मा उपयोग वाया जातो.

दुसरं उदाहरण घरचंच. रामदरबार किंवा मारुतीचं चित्र, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १७१७, १८१८ अशी सालं असलेली तांब्याची 'नाणी'. त्यांना लाखो रुपये मिळतात, चमत्कार घडतात, अशा अफवा फिरत राहतात आणि त्यात लोक खरोखर पैसे घालवतात. कंपनीने रामदरबाराचं एकही चलनी नाणं काढलेलं नाही. कंपनीच्या नाण्यांच्या कोणत्याही गंभीर यादीत ती सापडत नाहीत. एखादी गोष्ट सगळ्या पुस्तकांत *नसणं* हाही पुरावा असतो, आणि तो फुकट मिळतो. अशा कधीच चलनात नसलेल्या, नाण्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंसाठी क्राउझनेच 'अनयुज्वल वर्ल्ड कॉइन्स' हा वेगळा ग्रंथ काढला होता. तो मुद्दाम विकत घ्यावा असा नाही, पण कुठे दिसला तर चाळावा.

खास पुस्तक कधी घ्यायचं?

एकाच देशाची किंवा एकाच प्रकारची नाणी पंधरा-वीस झाली आणि त्यांच्यातले बारीक फरक डोळ्यांना दिसू लागले, की जाडा कॅटलॉग अपुरा पडतो. तोपर्यंत थांबावं.

१८६२ सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घ्या. त्यावर १८६२ हे साल आहे, पण त्याच सालाचे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या आसपास बारीक ठिपके देऊन वर्षं वेगळी केली. जगाच्या कॅटलॉगात यावर चार ओळी असतील. एफ. प्रिडमोर यांच्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरच्या ग्रंथात (भारतावरचे दोन भाग, १९७५ आणि १९८०) आणि नंतरच्या पॉल स्टीव्हन्स व रँडी वीअर यांच्या १८३५ ते १९४७ च्या नाण्यांवरच्या पुस्तकात ही सगळी वर्गवारी तपशिलाने येते. नातेवाइकांच्या डब्यात असे आठ-दहा रुपये सापडले असतील, तर हा खर्च भरून निघतो. एकच असेल तर नाही.

बाकीचे ग्रंथ थोडक्यात. इंग्लंडसाठी स्पिंकचा वार्षिक कॅटलॉग आहे, त्याचा मूळ अवतार १९२९ मध्ये सीबी या फर्मने काढला. अमेरिकेसाठी लाल पुठ्ठ्यामुळे 'रेड बुक' म्हणून ओळखलं जाणारं योमन यांचंच पुस्तक घ्यावं. ते स्वस्त, लहान आणि नवशिक्यासाठी उत्तम आहे. जर्मनीसाठी येगर आणि फ्रान्ससाठी गादूरी. हे दोन्ही मूळ भाषेत असले तरी तक्तेच जास्त असल्याने आठ-दहा शब्द पाठ केले की काम भागतं. मोठ्या चांदीच्या नाण्यांसाठी डेव्हनपोर्ट, सोन्यासाठी फ्रीडबर्ग.

सोन्याचं पुस्तक मात्र आपल्याकडच्या घरांत अनपेक्षितपणे उपयोगी पडू शकतं. सॉव्हरिन, म्हणजे बोलीतली गिन्नी, लंडनखेरीज इतरत्रही पाडली गेली आणि १९१८ मध्ये ती मुंबईतही पाडली गेली. घोड्यावरच्या सेंट जॉर्जखाली, तळाशी बारीक 'आय' हे अक्षर ही तिची खूण. ती ओळखता आली नाही तर नाणं सोन्याच्या भावात वितळायला जातं. उलट सॉव्हरिनच्या नकलाही भरपूर असल्याने नुसतं अक्षर पाहून हुरळूनही चालत नाही.

मराठ्यांच्या नाण्यांकडे वळणाऱ्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. तो १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरी इथल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने काढला.

विकत घेताना

हे ग्रंथ जड असतात. परदेशातून मागवल्यास टपालखर्च पुस्तकाच्या किमतीएवढा किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. म्हणून आधी देशातच शोधावं. नाण्यांच्या प्रदर्शनांत पुस्तकांचंही टेबल असतं आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर तिथे भाव उतरतात. छंद सोडलेल्या किंवा निवर्तलेल्या संग्राहकाच्या घरून निघालेले ग्रंथ सगळ्यात चांगले. त्यांत मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणाही मिळतात.

जुनी प्रत घेताना मुखपृष्ठावरची शतकाची मर्यादा नीट वाचावी. '२०१० आवृत्ती' म्हणजे २०१० पर्यंतची नाणी असं नव्हे, खंड १८०१ ते १९०० चाही असू शकतो. पातळ कागदामुळे मधली पानं सुटलेली असतात, ती मोजून घ्यावीत. जुन्या ग्रंथांची स्वस्त पुनर्मुद्रणं मिळतात, पण त्यांत नाण्यांची चित्रं अनेकदा काळ्या डागांसारखी उमटलेली असतात. मजकूर वाचता येतो, नाणं मात्र ओळखता येत नाही. असं पुस्तक घेण्यापूर्वी एक तरी चित्रांचं पान पाहायला मागावं.

खरेदीआधी फुकटात काय मिळतं तेही पाहावं. नुमिस्टा या संकेतस्थळावर जगभरातली नाणी चित्रांसह शोधता येतात. माहिती संग्राहकांनीच भरलेली असल्याने ती कुठे कुठे तपासून घ्यावी लागते. एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या कंपनीची किंमतसूची क्राउझच्याच माहितीवर उभी राहिली आहे. पौर्वात्य नाण्यांसाठी झेनो आहे. कॉपीराइट संपलेली अनेक जुनी पुस्तकं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या न्यूमन पोर्टलवर मोकळी आहेत. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात नाण्यांवरचे जुने ग्रंथ आहेत, फक्त जाण्याआधी चौकशी करून जावं.

मग छापील पुस्तक कशाला? संकेतस्थळावर शोधायला आधी देश किंवा मजकूर माहीत असावा लागतो. अनोळखी लिपीतलं, झिजलेलं नाणं हातात असेल तर पानं उलटत चित्रं पाहत जाणं अजूनही सगळ्यात वेगवान ठरतं. पानं उलटताना आपल्याकडे नसलेली, कधी न ऐकलेली नाणीही दिसतात. पुढच्या प्रदर्शनात नजर त्यांच्याकडेच जाते.

नाणं ओळखलं की पाकिटावर देश, साल, वजन आणि नंबर लिहावा, आणि नंबरापुढे तो कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीतला हेही. पुढच्या आवृत्तीत नंबर बदललेला असला, तर एवढ्या दोन शब्दांवरून तो पुन्हा शोधता येतो.